आधी त्या मैत्रिणीला फोन कर

प्रिय मावशी,

आई जाऊन आठ महिने झाले. ७८ वर्षांची होती. शेवटची सहा वर्षं अंथरुणावर. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. सगळं मी केलं. दादा वर्षातून दोनदा यायचा, दोन दिवस राहायचा, औषधांच्या चिठ्ठ्या बघून मलाच सूचना द्यायचा आणि जायचा.

आता वर्ष पूर्ण होईल तेव्हा नातवंडांसाठी आईच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय. दादाने चार पानं लिहून पाठवली. वाचून माझं डोकं फिरलं. आई म्हणजे त्याग, आई म्हणजे माया, आईने कधी तोंडातून ब्र काढला नाही. आमची आई अशी नव्हतीच. ती चिडायची, अबोला धरायची, बाबांशी तिचं फारसं पटायचं नाही. मग मी अकरा पानं लिहिली. त्यात खरं ते लिहिलं, शेवटच्या सहा वर्षांत काय काय झालं तेही लिहिलं. दादा म्हणतो, हे छापणार असशील तर माझं नाव त्यात नको. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने दोन्ही वाचलं आणि म्हणाली, "यातून आजी कळतच नाही." तेही मला लागलं.

झोप लागत नाही. आईचा फोनसुद्धा अजून बंद करवत नाही, दर महिन्याला पैसे भरते. त्यावर आता कुणाचे फोन येत नाहीत. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा तेवढा गुरुवारी संध्याकाळी येतो, पण मी उचलत नाही, वाजून वाजून बंद होतो. आई होती तेव्हा आम्ही तो तिच्या कानाशी धरायचो. ती बाई बोलत राहायची, आईला काय कळत होतं कोण जाणे, पलंगाच्या कठड्यावर बोटं वाजवत पडून असायची. असो.

दादाला कसं समजावू ते सांगा. आईची आठवण खरी राहावी की गोड राहावी?

— एक थकलेली मुलगी


अगं,

दादाचं नंतर बघू. आधी मला एक सांग, त्या मैत्रिणीला कळवलंय का?

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादा किती वेळा आला, किती दिवस राहिला, त्याने काय लिहिलं, तू काय लिहिलंस, सगळं त्यात आहे. पण आई आता नाही हे त्या बाईला कुणी सांगितलं का, याबद्दल एक अक्षर नाही. तिचं नावसुद्धा तू लिहिलेलं नाहीस. फोनच्या पडद्यावर ते दर गुरुवारी दिसत असणार. आठ महिने एक म्हातारी बाई तुझ्या आईचा नंबर लावतेय, इकडे तो वाजत राहतो, आणि तू त्याच घरात बसून तो थांबायची वाट बघतेस.

मला राग आलाय, आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

समजा, तिला कुणीच कळवलेलं नाही. मग आठ महिने ती काय समजून चालली असेल? मैत्रिणीची तब्येत जास्त बिघडली असेल, किंवा घरच्यांना आपला फोन नकोसा झाला असेल, किंवा याहून वाईट काही झालं असेल. त्या वयात हे तिन्ही विचार एकाच रात्री येतात. खरं काय ते विचारायला तिच्याकडे दुसरा नंबर असेल असं मला वाटत नाही. आणि हा नंबर तर चालू आहे. चालू आहे म्हणजे कुणीतरी पैसे भरतंय, कुणीतरी भरतंय म्हणजे ती असेल, असा हिशेब ती मनाशी मांडत असणार. आईचा फोन तू दुःखापोटी चालू ठेवलास, ते मला कळतं. पण त्याच चालू फोनने दुसऱ्या एका जिवाला आठ महिने अंधारात ठेवलंय.

आता समजा, तिला कळलेलं आहे. दादाने कळवलं असेल, ओळखीपाळखीतून कानावर गेलं असेल. मग मैत्रीण नाही हे ठाऊक असून ती दर गुरुवारी फोन लावते, तो कुणासाठी? त्या घरात आता तू आहेस. मग ती तुझ्यासाठीच लावत असणार, आणि तू आठ महिने तिला उत्तर दिलेलं नाहीस.

दोन्हींपैकी काहीही खरं असो, तुझं काम एकच आहे. तिला फोन कर. गुरुवारची वाट बघू नकोस, आजच कर.

एक काळजी मात्र घे. नंबर आईच्या फोनमधून घे, पण फोन स्वतःच्या फोनवरून कर. आईच्या नंबरवरून गेला तर उचलायच्या आधीच तिला वाटेल की मैत्रिणीचाच आला. ७८ वर्षांच्या बाईला तो धक्का देऊ नकोस. उचलला की आधी स्वतःचं नाव सांग, कुणाची मुलगी ते सांग. जवळ घरातलं कुणी आहे का ते विचार.

डॉक्टरांनी वाईट बातमी कशी सांगावी यासाठी एक सहा पायऱ्यांची पद्धत आहे. कर्करोगाच्या रुग्णांशी बोलण्यासाठी ती बसवली गेली आणि २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या काही गोष्टी घरातल्या माणसालाही उपयोगी पडतात. सांगण्याआधी समोरच्याला काय माहीत आहे ते विचारायचं. मग सोप्या शब्दांत, आडवळण न घेता सांगायचं. आणि त्यानंतर समोरच्याच्या भावनेला जागा द्यायची, आपण बोलत सुटायचं नाही. तूही तसंच कर. "आईबद्दल तुम्हाला काही कळलं का?" असं विचार. नसेल कळलं तर सांग, "आई गेली. आठ महिने झाले." सुटली बिचारी, हाल संपले, असलं काही जोडू नकोस. ती तुझी समजूत आहे, तिच्या गळ्यात घालू नकोस. इतके दिवस का कळवलं नाही याची कारणंही देत बसू नकोस. एका वाक्यात माफी माग आणि गप्प राहा. ती रडेल, रडू दे. चिडेल, चिडू दे. तिला तो हक्क आहे.

तू फोन का उचलत नाहीस ते लिहिलेलं नाहीस. मला जे वाटतं ते सांगते, चुकत असेन तर सोडून दे. तो उचललास तर "आई गेली" हे तुला स्वतःच्या तोंडाने, आईच्या फोनवर, आईच्या माणसाला सांगावं लागेल. नातेवाइकांना सांगितलंस तेव्हा ते आपोआप झालं असेल, घर माणसांनी भरलेलं होतं. हे एकटीने करायचं आहे. ते अवघड आहे, पोरी. पण आठ महिने पुढे ढकलून ते सोपं झालेलं नाही, आणखी आठ महिन्यांनी होणारही नाही.

आता त्या बोटांकडे येते.

"आईला काय कळत होतं कोण जाणे," असं तू लिहितेस. १८६१ साली पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदापुढे एक रुग्ण आला. कित्येक वर्षं त्या माणसाला "तां" एवढा एकच उच्चार करता येत होता. काहीही विचारा, उत्तर "तां, तां". पण बोललेलं त्याला बरंचसं समजत होतं, हातवाऱ्यांनी आणि आवाजाच्या चढउतारांनी तो उत्तरं द्यायचा. तो गेल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. बोलणं जाऊनही समजणं बऱ्याच अंशी शाबूत राहू शकतं, हे तेव्हापासून वैद्यकाला माहीत आहे. सगळ्यांचंच तसं राहतं असं नाही, काहींना समजायलाही जड जातं. तुझ्या आईचं कसं होतं ते तिच्या डॉक्टरांना ठाऊक. पण बोलता येत नाही म्हणून कळतही नसेल, असं धरून चालायला तुझ्याकडे काय आधार होता?

आणि ती बोटं. ती दिवसभर वाजायची का? तुझ्या पत्रावरून तरी फोन कानाशी असताना वाजायची. ते उत्तर होतं, दोघींची काही जुनी खूण होती, की नुसताच हाताला लागलेला चाळा, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तूही सांगू शकत नाहीस, कारण फोन कानाशी धरताना तुझं अर्धं लक्ष पुढच्या औषधाकडे असणार. ज्या एका माणसाला ते ठाऊक असू शकतं तिला विचार. पलीकडे ती बोटं ऐकू जात होती का, हेच आधी विचार.

त्या बाईने काय केलंय ते तुझ्या लक्षात आलंय का? सहा वर्षं, दर गुरुवारी, उत्तर न देऊ शकणाऱ्या माणसाशी ती बोलत राहिली. पलीकडून होकार नाही, हसू नाही, "मग पुढे?" नाही. तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा. तू आईला उचललंस, बसवलंस, कूस बदललीस, पुसलंस, भरवलंस. त्या कामानंतर माणसाच्या अंगात बोलण्याइतका जीव उरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण म्हणूनच म्हणते, त्या सहा वर्षांत तुझ्या आईशी रुग्ण म्हणून न बोलणारं बहुधा ते एकच माणूस उरलं होतं. त्या बाईला तुझ्या आईत आपली जुनी मैत्रीणच दिसत होती. आणि आईवर पुस्तिका काढताना तुम्ही दोघं भावंडं पानांवरून भांडताय, त्या बाईला मात्र कुणी विचारतही नाही.

तुझ्या मुलीचं बरोबर आहे. मी ती पानं वाचलेली नाहीत, तरी तू जे सांगितलंस त्यावरून मला दिसतं ते असं. दादाच्या चार पानांत आई देव्हाऱ्यात बसलेली आहे. तुझ्या अकरा पानांत ती अंथरुणावर पडलेली आहे, आणि शेजारी तू उभी आहेस. तुझी पानं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण ती बरीचशी तुझ्या सहा वर्षांची गोष्ट आहे. ती लिहून काढलीस ते उत्तम केलंस, ती जपून ठेव, हवं तर दादाला पुन्हा वाचायला दे. पण आईच्या आयुष्याच्या नावाखाली ती नातवंडांच्या हातात देऊ नकोस.

तुम्हा दोघांच्याही पानांत आई सुरू होते ती तुम्ही जन्मल्यावर. त्याआधी तिने कमीत कमी वीस वर्षं काढली होती. ती शाळेत गेली, नापास झाली असेल किंवा पहिली आली असेल, कुणावर जीव जडला असेल, कुणाचा राग धरला असेल, मोठेपणी काय व्हायचं ते ठरवलं असेल आणि नंतर ते सोडून दिलं असेल. यातलं काही तुला माहीत आहे? दादाला? तिने बाबांशी लग्न करताना तिच्या मनात काय होतं, हे तिने तुला कधी सांगितलं असेल का? मुलीला नाही सांगत बायका. मैत्रिणीला सांगतात.

आणि मैत्रिणीला ते आठवतही असेल. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी मधल्या काळापेक्षा खूप जास्त निघतात. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सगळ्या पहिल्यावहिल्या गोष्टी त्याच वर्षांत घडतात, आणि आपण कोण हे माणूस त्याच वर्षांत ठरवतं, अशी त्याची कारणं ते देतात. म्हणजे त्या बाईकडे जी वर्षं सगळ्यात भरलेली आहेत, नेमकी तीच तुमच्या दोघांच्याही कागदांत कोरी आहेत.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवश या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना विचारायचे वीस प्रश्न तयार केले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, तुझं नाव कशावरून ठेवलं, असे घरातल्या इतिहासाचे साधे प्रश्न. ज्या मुलांना त्यांतलं जास्त माहीत होतं, त्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक असल्याचं त्यांना दिसलं. उत्तरं घोकून घेतली की मुलं खंबीर होतात, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. महत्त्वाचं काय, तर ज्या घरात अशा गोष्टी सांगितल्या जातात, त्या घरातलं एकत्र बसणं. ड्यूक यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते तुझ्या प्रश्नाला थेट लागू पडतं. घरातली गोष्ट कधी नुसत्या चढतीची सांगितली जाते, कधी नुसत्या पडतीची, आणि कधी दोन्हींची, म्हणजे पडलो, उठलो, पुन्हा पडलो, तरी टिकलो अशी. मुलांना बळ देते ती ही तिसरी. तू विचारतेस, खरी की गोड. तुमच्या भांडणात दादाने चढती घेतली, तू पडती घेतलीस, आणि उठण्याचा भाग दोघांनीही सोडला. कारण तो तुम्हाला माहीतच नाही. तो त्या मैत्रिणीकडे आहे.

म्हणून फोन झाल्यावर तिच्याकडे जा, आणि मुलीला बरोबर ने. ती एकोणीस वर्षांची आहे. त्या वयाची तुझी आई डोळ्यांनी बघितलेलं माणूस जगात किती उरलंय? पोरीला समोर बसू दे. तू मागे बस. तुला बघून ती बाई सांभाळून बोलेल, "तुझ्या आईने तुमच्यासाठी किती केलं" अशी सुरुवात करेल, आणि पुन्हा दादाचीच चार पानं तयार होतील. नातीशी माणसं मोकळी बोलतात.

प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका. जुने फोटो न्या, विशेषतः ज्यांतली माणसं तुम्हाला ओळखू येत नाहीत ते. शाळेला जायचा रस्ता कसा होता, वर्गात कोण कुठे बसायचं, असं काही विचारलं की जागा डोळ्यांपुढे येते आणि जागेमागून माणसं येतात. बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करायचं असेल तर तिला विचारून करा, लपवून नाही. घरी आल्यावर त्या फाइलला त्याच दिवशी तारीख आणि तिचं नाव द्या, आणि ती दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बसू नका, ती थकेल. आणि तिचं काही चुकलं, साल चुकलं, कुणाचं नाव चुकलं, तर दुरुस्त करू नकोस. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडलं होतं. तिची जुळवते तशीच तुझीही जुळते. साल नंतर तपासता येईल. ती मध्येच थांबली तर मात्र सुटलेला धागा पुन्हा हाती लागेलच असं नाही.

एका गोष्टीची तयारी ठेव. तुझी आई तिच्याकडे तुझ्याबद्दलही बोलली असेल. झटक्याआधी त्या दोघींनी सुखदुःखाचं सगळं बोलून घेतलं असणार. दादा लिहितो तसा आईने ब्र काढला नसेलच, असं मला वाटत नाही. तिने तो काढला, आणि तो काढायची जागा ही होती. तिथे दादाच्या तक्रारी असतील, तुझ्याही असतील. तुझं कौतुकही असेल, जे तुझ्या तोंडावर कधी झालं नसेल. जे निघेल ते ऐकून घे. तिथल्या तिथे खुलासा करत बसू नकोस.

आणि दादाला समजावू नकोस. त्याला फक्त एवढं सांग, "मी आईच्या मैत्रिणीशी बोलले, हा तिचा नंबर, तूही बोल." पुस्तिकेचा विषय तू काढू नकोस, त्याने काढला तर "नंतर" म्हण. तिच्याशी बोलून झाल्यावरही त्याला आपली चार पानं तशीच ठेवावीशी वाटली तर ठेवू दे. त्याचं त्याच्यापाशी. माझा अंदाज आहे की वाटणार नाही.

आईचा नंबर बंद करायची घाई करू नकोस. ते त्या बाईशी बोलून ठरव. तिला काही दिवस तो चालू हवा असेल तर भर पैसे.

वर्ष भरायला अजून चार महिने आहेत. तोवर पुस्तिका नाही झाली तर नाही झाली. ती पुढच्या वर्षीही काढता येईल, त्यापुढच्या वर्षीही. पण तुझ्या आईच्या वर्गातली ही मैत्रीण आता ७८-७९ वर्षांची असणार. तिच्याकडे याच महिन्यात जा, आणि फोन आज कर.

— मावशी